रिकाम्या खोक्याचा बाक

सहलीला गेल्यावर तहान लागली, की आपण आंब्याच्या रसाचे छोटे खोके विकत घेतो. नळी खुपसतो, रस पितो आणि खोके फेकून देतो. आपल्या देशात १९८५ साली फ्रुटी अशा खोक्यातून मिळू लागली. पुढे दूध, ताक, लस्सीही आली. पण रिकाम्या खोक्याचे काय होते?

एखादे रिकामे खोके कात्रीने कापून पाहा. बाहेरून ते कागदाचे वाटते. आत मात्र चंदेरी थर चमकतो. तो ॲल्युमिनियमचा असतो. शिवाय प्लॅस्टिकचे पातळ थर असतात. वजनात सुमारे पाऊण भाग जाड कागद, पाचवा भाग प्लॅस्टिक आणि उरलेले थोडेसे ॲल्युमिनियम. कागदामुळे खोके ताठ उभे राहते. प्लॅस्टिक ओल अडवते. ॲल्युमिनियम हवा आणि उजेड आत येऊ देत नाही. म्हणून जंतुविरहित केलेले दूध त्यात फ्रीजशिवायही काही महिने टिकते.

दुधाला सांभाळणारे हेच थर पुढे अडचण करतात. रद्दीवाला म्हणतो, "हा कागद नाही." भंगारवाला म्हणतो, "यात धातू कितीसा?" मग खोके कचऱ्यातच पडून राहते.

यावर एक उपाय पाण्याचा आहे. कागद कारखान्यात मोठ्या हौदात पाणी घालून खोकी घुसळतात, जसे आपण ताक घुसळतो. कागदाचा लगदा सुटा होतो. त्यापासून पुन्हा कागद व पुठ्ठा बनतो. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम मागे उरते. ते तापवून, दाबून छपराचे पत्रे करतात.

दुसरा उपाय मला अधिक चतुराईचा वाटतो. त्यात थर वेगळे करायचेच नाहीत! खोकी धुऊन, वाळवून त्यांचे बारीक तुकडे करतात. ते पसरून तापलेल्या यंत्राखाली दाबतात. सुमारे ११० अंश सेल्सियसला प्लॅस्टिक वितळू लागते आणि तुकड्यांना एकमेकांशी चिकटवते. निराळा डिंक लागत नाही. थंड झाल्यावर कठीण फळी तयार होते. तिचे बाक, टेबले, खुर्च्या करता येतात. २०१० नंतरच्या काही वर्षांत मुंबईतल्या दुकानांत रिकामी खोकी गोळा करण्यासाठी पेट्या ठेवल्या होत्या. त्या खोक्यांपासून बनवलेले बाक शाळांना मिळाले.

यंत्र आहे, रीत आहे. पण खोके तिथवर पोहोचायला हवे ना! छोटे रिकामे खोके जेमतेम आठ-दहा ग्रॅमचे असते. एक किलो भरायला शंभराच्या आसपास खोकी वेचावी लागतात. त्यात रस उरला, तर तो आंबतो, वास येतो, मुंग्या लागतात. कचरा वेचणाऱ्या बाईला एवढ्या कष्टाचे पैसे थोडेच मिळतात. मग ती ते का उचलेल?

रस संपला, की नळी काढा, चारही कोपरे उघडा आणि खोके चपटे करा. चपटी खोकी एका पोत्यात कितीतरी जास्त मावतात. त्या बाईची एक खेप वाचते.