कॉफीने स्नायूंना खरोखर बळ मिळते का?

सौदी अरेबियात पाहुणा घरी आला, की दल्ला नावाच्या लांब चोचीच्या भांड्यातून वेलदोडा घातलेली फिकट सोनेरी कॉफी छोट्या, बिनदांड्याच्या पेल्यात ओतली जाते. जाझान प्रांताच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या खौलानी कॉफीच्या लागवडीची परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. तेच वर्ष देशात ‘सौदी कॉफीचे वर्ष’ म्हणून साजरे झाले. रियाध, दम्माम, जुबैल येथील मराठी अभियंते आणि तंत्रज्ञ या आदरातिथ्याला सरावलेले आहेत. त्याखेरीज रात्रपाळीआधीची कडक कॉफी आणि व्यायामशाळेच्या वाटेवरचे एनर्जी ड्रिंक असतेच. कॅफीनमुळे स्नायूंत बळ येते, ही त्यामागची सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीला प्रयोगशाळेत आधार आहे. मात्र तो नेमका किती, हे समजण्यासाठी कॅल्शियमकडे वळावे लागते.

सिडनी रिंगर या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाला १८८३ मध्ये असे आढळले, की नळाच्या पाण्यात तयार केलेल्या क्षारद्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहते, पण ऊर्ध्वपातित पाण्यातील द्रावणात ते लवकरच मंदावते. फरक लंडनच्या पाण्यातील कॅल्शियमचा होता. हातापायांच्या स्नायूंमध्ये हे कॅल्शियम पेशीतल्याच एका जाळीदार कोठारात साठवलेले असते. मज्जातंतूचा संदेश पोहोचताच कोठाराची दारे, म्हणजे रायनोडिन ग्राही, उघडतात. बाहेर पडलेले कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांचे तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आकुंचन पावतो. कॅल्शियम पुन्हा कोठारात खेचले गेले, की तो सैल पडतो.

कॅफीन या यंत्रणेत दोन ठिकाणी हस्तक्षेप करते. एक म्हणजे, कोठाराची दारे अधिक सहज उघडतात; कॅफीनची मात्रा पुरेशी असेल, तर मज्जातंतूच्या संदेशाविनाही स्नायू आखडतो. दुसरे म्हणजे, तंतूंची कॅल्शियमविषयीची संवेदनशीलता वाढते, म्हणजे तेवढ्याच कॅल्शियमवर अधिक जोर निर्माण होतो. बाह्य पटल काढून टाकलेल्या स्नायूतंतूंवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसते. त्याच प्रयोगांत तंतूंचा कमाल जोर मात्र वाढत नाही, उलट किंचित घटतो.

हे सर्व प्रयोग मिलिमोलच्या पातळीवर होतात. ५ मिलिमोल म्हणजे एका लिटरमागे जवळपास १ ग्रॅम कॅफीन. आता माणसाचा हिशेब करू. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात सुमारे ४० लिटर पाणी असते. तिने एकाच वेळी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतले आणि ते सर्वत्र पसरले, तरी एका लिटरमागे फक्त १० मिलिग्रॅम येते. म्हणजे प्रयोगातील मात्रेच्या सुमारे शंभरावा हिस्सा. तेथपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी माणूस प्राणघातक विषबाधेला बळी पडेल. कमी मात्रेतही स्नायूवर थोडा थेट परिणाम होत असावा, अशी शक्यता काही संशोधक मांडतात. पण कपभर कॉफीनंतरच्या तरतरीचे मुख्य कारण वेगळेच आहे.

ते कारण मेंदूत आहे. थकवा आणि झोप यांची सूचना देणारे अ‍ॅडिनोसिन ज्या ग्राहींवर बसते, त्यांवर कॅफीन आधीच ठाण मांडते. परिणामी श्रम हलके वाटतात आणि माणूस अधिक वेळ टिकतो. रमजानच्या पहिल्या दिवसांत नेहमीच्या कॉफीविना अनेकांचे डोके दुखते, त्यामागेही हीच अ‍ॅडिनोसिनची यंत्रणा असते.

एका दुर्मीळ आनुवंशिक दोषात मात्र स्नायूचे हे दारच बिघडलेले असते. अशा व्यक्तीला काही भूलवायू दिल्यास कॅल्शियम अनिर्बंध बाहेर पडते, स्नायू ताठरतात आणि शरीराचे तापमान धोकादायक वेगाने चढते. या दोषाच्या निदानासाठी स्नायूचा जिवंत तुकडा कॅफीनच्या द्रावणात ठेवतात. साधारण २ मिलिमोललाच तो आखडला, तर धोका ओळखला जातो. भूल दिल्यावर कुटुंबातील कोणाला असा त्रास झाला असेल, तर परदेशातील रुग्णालयातही भूलतज्ज्ञाला ते शस्त्रक्रियेपूर्वी सांगणे अत्यावश्यक आहे.

इतरांसाठीचा धोका साधा, पण रोजचा आहे. थकव्याची सूचना दबली, तरी थकवा नाहीसा होत नाही. सौदी अरेबियात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम करण्यास मनाई आहे. त्या उकाड्यात विश्रांती आणि पाण्याची जागा कॅफीन घेऊ शकत नाही. एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातींवर देशाने २०१४ मध्ये बंदी आणली आणि २०१७ मध्ये या पेयांवर १०० टक्के उत्पादन शुल्क लावले. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅम आणि गर्भवतीने २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा पाळावी, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मत आहे. अडीचशे मिलिलिटरच्या एका एनर्जी ड्रिंकमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि त्यातील निम्मे शरीराबाहेर जाण्यास सुमारे पाच तास लागतात. रात्री उशिराच्या मजलिसीत पुरे झाले, की पेला हलवून परत देण्याची अरबी रीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला जाणाऱ्याने ती आवर्जून पाळावी.