मातीवर आलेला आळ

किल्लारीच्या परिसरात कुणाला मातीचं घर बांधा म्हणून सांगणं आजही सोपं नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना, लातूर-उस्मानाबादची भुई हादरली आणि साडेसात हजारांहून अधिक माणसं स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. मागे राहिलेल्यांनी ढिगारे उपसले ते दगड-मातीचेच. त्यांच्या मनातली मातीची धास्ती अडाणीपणाची नाही, डोळ्यांदेखत घडलेल्याची आहे. पर्यायी बांधकामाचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी हे मान्य करायला हवं.

मग त्या भिंतींकडे नीट पाहावं. काळ्या दगडाची दोन पदरी, दोन-अडीच फूट जाड भिंत. पदरांच्या मधे कपच्या आणि मातीची भर. दोन्ही पदर एकत्र धरणारा आरपार दगड जवळजवळ नाहीच. वर माळवद, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. गळती लागली की त्यावर आणखी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही. हादरा बसला तसे पदर सुटले, भिंती फुगून कोसळल्या आणि माळवदाचं सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. जिथे लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, धड होता, तिथे भिंती पडूनही काही माळवदं खांबांवर तरली. जीव घेतला तो वजनानं आणि सुट्या बांधणीनं. आळ आला मातीवर.

त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्युरोची आयएस १३८२७ ही मार्गदर्शक तत्त्वं निघाली होती, खास मातीच्या घरांसाठी. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको, खिडकी-दार रुंद नको, भिंतींना वरून सलग पट्टा हवा, अशी त्यांत साधी मापं आहेत. गवंड्याला ती एका दुपारी समजावता येतील. गावोगावी ती पोचली मात्र नाहीत.

पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसली. त्यांतल्या गुबाळला घुमटाकार घरं उभी राहिली. घुमट भूकंपात टिकतो, पण गोल भिंतीला कपाट टेकत नाही आणि पोराचं लग्न झालं की शेजारी खोली काढता येत नाही. घर नुसतं सुरक्षित असून भागत नाही. याउलट दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’नं गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. इंजिनिअर भिंतीत पट्टा का घालायला सांगतो, हे चुलीजवळ बसून सांगणारी बाई ओळखीची होती. मला तर त्या साऱ्या खटाटोपातली हीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कच्छचा अनुभव वेगळा आहे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात तिथले मातीचे गोल, हलक्या छपराचे भूंगे, म्हणजे तिथली पारंपरिक घरं, मोठ्या संख्येनं टिकले. ते लोकांनी पाहिलं, म्हणून भूजच्या ‘हुन्नरशाला’सारख्या संस्थांना दाबून केलेल्या मातीच्या विटा आणि ठोकून बसवलेल्या भिंती घेऊन दारोदार जाता आलं. तिथे माती आरोपी नव्हती, साक्षीदार होती.

मराठवाड्यात अडचण आणखी एक. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. नुसत्या तिच्या विटा चालत नाहीत. मुरूम आणि वाळू मिसळावी लागते, पाच ते दहा टक्के सिमेंट किंवा चुना घालावा लागतो. ओलसर मातीचा मुठीएवढा गोळा करून तो छातीच्या उंचीवरून टाकायचा. भुगा झाला तर माती कोरडी, नुसताच चपटला तर पाणी जास्त, चार-पाच ढेकळं झाली तर विटा दाबायच्या यंत्रात भरायची. ही परीक्षा गवंड्यानं चारचौघांत केली, तर छापील पत्रकांपेक्षा ती जास्त पटते.

तरीही खरा अडसर मानाचा आहे. जनगणनेच्या तक्त्यात मातीची भिंत कच्च्या बांधकामात मोडते, आणि मुलीचं स्थळ पाहायला आलेले लोकही तेच तपासतात. अशा वेळी घरकुलवाल्या गरिबालाच मातीची वीट देणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला निवड करायला वाव नाही, त्याच्या डोक्यावर प्रयोग कशाला? आधी ग्रामपंचायतीचं कार्यालय त्या विटांचं बांधा, मग तलाठ्याची कचेरी, मग सरपंचाचा वाडा. गावच्या गवंड्याला त्याची मजुरी सिमेंटच्या कामाइतकीच द्या आणि बांधून झालेल्या इमारतीवर इंजिनिअरची सही घ्या.