सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

बडीशेपेसोबत बिलाचं फोल्डर येतं आणि बहुतेक जण तळाचा आकडा बघून मोबाइल काढतात. मधली एक ओळ वाचायची राहते, आणि नेमकी तीच भरायची सक्ती आपल्यावर नसते.

सर्व्हिस चार्ज म्हणजे सरकारी कर, असं कितीतरी जण अजूनही धरून चालतात. जून 2017 पर्यंत एसी हॉटेलांच्या बिलात सेवा कर असायचा, तो सरकारकडे जायचा. त्यामुळे ही गल्लत झाली. जीएसटी आला आणि तो कर संपला. सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतः लावतं, तो हॉटेलच्याच गल्ल्यात जातो आणि त्याच्यावरही जीएसटी चढतो. हजाराच्या जेवणावर 10 टक्के चार्ज लावला, की 5 टक्के जीएसटी 1100 वर धरला जातो आणि बिल होतं 1155. ती ओळ काढायला लावली तर 1050.

‘मेन्यूकार्डात छापलंय, म्हणजे द्यावाच लागणार.’ नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच स्पष्ट केलं, की हा चार्ज आपोआप बिलात धरता येत नाही, दुसऱ्या नावाने लावता येत नाही आणि नकार दिला म्हणून कुणाला दारातून परत पाठवता येत नाही. हॉटेलचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली; त्यावर संघटनांनी अपील केलं.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो वेगळाच समज: चार्ज भरला, म्हणजे वेटरला पोचलं. त्याची वाटणी मालक ठरवतो. आपण मात्र टीप दिल्याच्या समाधानात उठतो आणि दिवसभर उभ्याने वाढणाऱ्याच्या हातात काही पडेलच असं नाही. मनापासून वाढलं असेल, तर पैसे त्याच्या हातात द्या.

एसीत बसलं की 18 टक्के जीएसटी, हेही 15 नोव्हेंबर 2017 पासून संपलं. एसी असो वा नसो, साध्या रेस्टॉरंटला 5 टक्केच.

एका बाबतीत मात्र चूक गिऱ्हाइकाची होते. पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेतले म्हणून भांडण काढतात. पण बसून खायच्या हॉटेलला तशी मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये दिली आहे. त्यापेक्षा बसल्याबसल्याच साधं पाणी मागावं.

सर्व्हिस चार्ज काढायला मॅनेजरने नकार दिला, तर बिल जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.