जव्हारचा शक आणि मांडलिकत्वाचा प्रश्न

मुंबई विद्यापीठांत नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र यांचा विभाग १९४८ सालीं स्थापन झाला आणि त्याच सालीं जव्हारचें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. सार्वभौमत्व, मांडलिकत्व, तह हे विषय आमचे विद्यार्थी बहुधा १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून आरंभ करून शिकतात. त्याच अभ्यासाचें एक उत्तम साधन जव्हार-मोखाड्याच्या जुन्या कागदांत आहे. तें संग्राहकांनीं ओळखावें एवढ्याकरितांच हें टिपण.

जव्हारच्या कोळी राजघराण्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याचा पुत्र निमशहा यास दिल्लीदरबाराकडून राजा हा किताब मिळाला तो दिवस गॅझेटियरांत ता. ५ जून १३४३ असा दिला आहे. त्या दिवसापासून संस्थानानें स्वतःचा शक धरिला व तो सरकारी कागदांवर घातला जात असे. स्वतःचा शक चालविणें हें सार्वभौम राजाचें लक्षण. पण या शकाचा आरंभ मात्र दुसऱ्याच्या हातून किताब घेतल्याच्या दिवसाचा! स्वतंत्र कीं मांडलिक, या प्रश्नास एका शब्दानें उत्तर देतां येत नाहीं, हें या एका मितीवरूनच दिसतें.

पुढील इतिहासही तसाच. १६७२ त मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें तेव्हां राजा विक्रमशहा मोगली मुलुखांत गेला. पेशवाईंत राज्य आकसलें. इंग्रजी अमलांत सुमारें ३१० चौरस मैलांचें हें संस्थान खंडणी देत नसे, राजास ९ तोफांची सलामी होती; तरी परराज्यांशीं तह करण्याचा अधिकार त्यास नव्हता. तेव्हां खंडणी न देणारा तो स्वतंत्र, हें अनुमान टिकत नाहीं. शेजारचें मोखाडें शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून खालसा मुलुखांत होतें. वारली, कोळी, ठाकूर यांची वस्ती दोहोंकडे. पण शीव ओलांडतांच अंमल बदले, कायदा बदले.

म्हणून या भागांतील कागद हातीं आल्यास केवळ जमीनमहसुलाचा म्हणून तो बाजूस टाकूं नये. मायना, शिक्का व शक हीं तिन्ही जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. कोण कोणास काय म्हणून लिहितो, आणि देणें खंडणी म्हणून दिलें कीं नजराणा म्हणून, यांतच दोन सत्तांचा संबंध उघड होतो. जव्हारी शकाचें वर्ष गत कीं वर्तमान हें ताडून मगच इसवी सन काढावा. एरवीं एका वर्षाचा फरक पडतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं निराळा झाला. त्यापूर्वींचे कागद ठाणें जिल्ह्याच्या नांवाखालीं शोधावे लागतात.

मायना फाटलेल्या कागदावरून रक्कम कळते, पण ती कोणत्या नात्यानें दिली तें कळत नाहीं. आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास हवें असतें तें नेमकें हेंच.