अभंगाच्या चालीवरची उपासना

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कारखान्यांच्या नोकरीनिमित्त गावोगावची ख्रिस्ती कुटुंबे आली. त्यांच्या मराठी उपासनेत आजही नारायण वामन टिळकांची गीते गायली जातात. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी नव्या श्रद्धेसाठी अभंग, भजन आणि कीर्तन निवडले. मला ही निवड निर्णायक वाटते, कारण लहानपणापासून कानात मुरलेल्या चालीतून आलेला शब्द उपदेशापेक्षा खोल उतरतो. ही चाल परधर्माची, असा आक्षेप घेतला जातो. पण चाल कुठल्याही एका धर्माची मालमत्ता नसते. प्रार्थना कोणाला उद्देशून आहे, हे शब्द आणि भाव ठरवतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डोळे पाणावले म्हणजे श्रद्धा जागली असे नाही. संत ऑगस्टीन यांनाही सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ही धास्ती होती. गीतातल्या आशयापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते, हे त्यांनी आपला दोष मानले, तरीही चर्चमधील गायनाला पाठिंबा दिला. वादकाला तर हा धोका जास्त, कारण कौतुक त्याच्याच वाट्याला येते. भजनात मात्र ध्रुवपद सगळ्यांचे असते. पेटी-तबला तिथे सभेच्या आवाजाला धरून चालतो आणि ऐकणाराही गाणारा होतो.