शाळेच्या सभेत पालकांनी तोंड उघडावे काय?



कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण कसे बोलतो ते आम्ही दरवर्षी पाहतो. उतारा का घटला, काट्यावर गाड्या का तुंबल्या, नोंद आधीची असून आमच्या उसाला तोड उशिरा का आली, असे प्रश्न सुरू झाले की अध्यक्षांना घाम फुटतो. तो आपला हक्कच आहे. पण हाच सभासद गावच्या शाळेत पालकसभेला गेला म्हणजे मागच्या सतरंजीवर बसतो, चहा पितो, वहीत सही करतो आणि घरी येतो. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच केले, म्हणून हे लिहीत आहोत.

गट कार्यालयात हा विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. एकांचे म्हणणे, पालक-शिक्षक संघाने स्नेहसंमेलनाला हातभार लावावा, पंधरा ऑगस्टला खाऊ वाटावा. शिक्षक, वर्गखोल्या, पाणी हे सरकारने बघावे. दुसरे म्हणाले, पोरं आमची, मग गळक्या छताबद्दल बोलायचे तरी कुणी?

कायदा दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती पाहिजे. तिच्यात चारातले तीन सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतून निवडायचा; मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, आलेले अनुदान कुठे खर्च झाले ते पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे ही या समितीची कामे. म्हणजे ही समिती जवळजवळ आपले संचालक मंडळच झाली. मात्र अनुदानित संस्थांच्या हायस्कुलांत समितीने फक्त सल्ला द्यायचा, अशी 2012 ची दुरुस्ती आहे. खासगी शाळांच्या शुल्काचा कायदा वेगळा, 2011 चा. त्यात शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो.

मग घोडे अडते कुठे? अडते भीतीपाशी. "उगाच बोलायला जावं आणि गुरुजींनी पोरावर डूख धरावा, त्यापेक्षा गप बसलेलं बरं," असे एका भगिनीने आम्हांस सांगितले. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. एकटा पालक बोलला की ती तक्रार होते. समितीने ठराव केला, सूचक-अनुमोदकांची नावे इतिवृत्तात आली, की तो शाळेचा प्रश्न होतो व कुणा एकाच्या पोराकडे बोट दाखवता येत नाही. सहकारात वाढलेल्या माणसाला हे आम्ही काय समजवावे!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या माहितीतल्या एका गावात समितीने जोर लावला तो एका शिक्षकाच्या बदलीसाठी. खरे कारण शाळेचे नव्हतेच. सोसायटीच्या निवडणुकीत गुरुजींची ऊठबस विरोधी गटात होती, एवढेच. बदली झाली. जागा मात्र वर्षभर भरली नाही, आणि दोन वर्ग एकाच बाईंनी सांभाळले. गट जिंकला आणि पोरं बुडाली. त्या ठरावावर आमच्यापैकी एकाची सही आहे, हेही लपवीत नाही.

म्हणून आमचे मत असे की समितीने व संघाने जरूर भांडावे, पण शाळेसाठी. वर्गखोली, मुलींचे स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, कुंपण, खेळाचे मैदान, पोषण आहाराची खोली हे सर्व कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. ते मागायला कुणाची मेहरबानी नको. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार असा हिशेब आहे. हजेरीपट पाहा, शिक्षक मोजा. कमी असतील तर पटसंख्येचे आकडे घालून अर्ज लिहा. 'शिक्षण नीट होत नाही' अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. मुलांच्या हक्काबद्दल लेखी तक्रार आल्यास स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे याच कायद्याचे 32 वे कलम सांगते. तोंडी सांगितलेल्याची तारीख कुठे नोंदत नाहीत, तेव्हा हे तीन महिने मोजायचे कुठून?

शिक्षकांच्या बाजूनेही बोलता येते, हे आपण विसरतो. जनगणना, निवडणूक व आपत्तीची कामे सोडून शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामाला जुंपू नये, असे 27 वे कलम आहे. गुरुजी आठवड्यात दोन दिवस कागद घेऊन तालुक्याला जात असतील, तर त्यांच्यावर चिडण्याऐवजी समितीने वर लिहावे. गुरुजी स्वतः लिहू शकत नाहीत. ते नोकर आहेत. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते आणि खेड्यातली शाळा उपाशी राहते, हे तर होतेच. पण शिक्षकाला दरमहा निदान 12 रुपये पगार असावा, हेही होते. मास्तर आणि रयत एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे त्यांनी मानले नाही.

आता एक अवघड गोष्ट. आपला ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात. त्यांची पोरं आईबापांबरोबर येतात, फडात धाकट्या भावंडाला सांभाळतात. हे पालक सहा महिने गावाबाहेर. त्यांच्या गावच्या समितीत त्यांचे नाव असले तरी सभेला कोण जाणार? आणि इथल्या समितीत ते कुणीच नाहीत. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहेही निघाली. तरी पोरं फडात दिसतातच. कायद्याने जवळच्या शाळेला त्यांना वयानुसार वर्गात घ्यावे लागते. दाखला मागून आणला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. पण बिऱ्हाड पहाटे फडात गेले तर मुलाला शाळेत नेणार कोण? त्यांच्या वतीने बोलायला आपल्याच गावची समिती उरते.

टोळी उतरली की मुकादमाकडून मुलांची नावे व वये घेऊन शाळेच्या पुढल्या सभेत ठेवता येतील. तोडणीचा कार्यक्रम गट कार्यालयात लागतो, तेव्हा कोणत्या शिवारात किती दिवस मुक्काम राहील याचा अंदाज चिटबॉयला असतोच. यंदाची विषयपत्रिका निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून हा विषय तिच्यात घालून घ्यावा. आयत्या वेळचा विषय म्हणून आला, तर तो चहाबरोबर संपतो.