शिक्का कोणाच्या हाती?

डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण वाचकांच्या विस्मरणात गेले नसेल. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून विकासकांनी महारेराची नोंदणी मिळविली, त्या नोंदणीवर विसंबून लोकांनी आयुष्याची पुंजी ओतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. हे प्रकरण न्यायालयापुढे आणणारा गृहस्थ वास्तुविशारदच होता, हे त्यातल्या त्यात समाधान.

रबरी शिक्का किती तकलादू, हे सांगावयास नको. तो कोणत्याही गल्लीत तासाभरात करून मिळतो. त्यामानाने डिजिटल स्वाक्षरी भक्कम. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या तिसऱ्या कलमात सांगितल्याप्रमाणे संपूर्ण नकाशावरून एक संक्षिप्त अंकमुद्रा काढली जाते व ती स्वाक्षरीकर्त्याच्या गुप्त किल्लीने बंदिस्त होते. मागाहून कोणी जिन्याची रुंदी बोटभर जरी बदलली, तरी पडताळणीत ते उघडे पडते. स्वाक्षरीचे छायाचित्र नकाशावर डकविणे म्हणजे ही स्वाक्षरी नव्हे, हे मात्र सुशिक्षितांनाही पुष्कळदा उमगलेले नसते.

पण ही किल्ली ज्या बोटाएवढ्या टोकनात असते, ते असते कोठे? कधी साहाय्यकाच्या खणात, कधी परवानगीसाठी धावपळ करणाऱ्या मध्यस्थाच्या खिशात, आणि तेही सांकेतिक क्रमांकासह! यात सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्याच कायद्याच्या ४२ व्या कलमाने किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची जबाबदारी धारकावरच टाकली आहे. ती परहस्ते गेल्यास प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळविण्याचे बंधनही घातले आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ ने 'वास्तुविशारद' हे अभिधान नोंदणीकृतांपुरते राखून ठेवले. कळ जर भलताच कोणी दाबणार असेल, तर त्या नोंदणीस अर्थ तो काय उरला?

टोकन दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे वास्तुकला परिषदेने आपल्या प्रत्येक सदस्यास निःसंदिग्ध शब्दांत कळवावे, अशी आमची मागणी आहे. दुसरी मागणी महापालिकांकडे. घर घेणाऱ्याच्या हाती पडते ती छापील प्रत, आणि छापताक्षणी ही स्वाक्षरी निव्वळ शाई होऊन जाते. तेव्हा मंजूर नकाशाची मूळ डिजिटल प्रत कोणाही नागरिकास वकील वा दलाल न गाठता, विनाशुल्क पडताळता आली पाहिजे, आणि ती कोठे पडताळावी हे बांधकामाच्या जागेवरील फलकावर मराठीत लिहिलेले असले पाहिजे.